पैसे न उडवता ड्रोन उडवायचा असेल तर

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला आणि जेवता जेवताच मोबाइल पुढे केला. पडद्यावर कुणीतरी कड्यावरून धबधब्याबरोबर खाली सूर मारत होतं, पाण्याला टेकता टेकता उलटी गिरकी घेऊन पुन्हा वर. "मामा, हे वीस हजारांत होईल?" शेजारी बसलेल्या ताईला वेगळीच काळजी. "हे ते युक्रेनवालेच ना? घरात नको हं."

दोघंही एकाच जातीच्या ड्रोनबद्दल बोलत होती. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकांमध्ये लपवून रशियात नेलेले ड्रोन थेट लष्करी विमानतळांवर सोडले, ते याच जातीचे. आणि भाच्याच्या मोबाइलवरचा धबधबाही याच जातीचा. एफपीव्ही म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू: ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते उडवणाऱ्याला डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये त्याच क्षणी दिसतं. लग्नात घिरट्या घालतो तो ड्रोन वेगळा. त्याला जीपीएस असतं, हात काढले तरी तो हवेत शहाण्यासारखा उभा राहतो. एफपीव्हीचे हात सोडले तर तो पडतो. त्याला जागाही कळत नाही आणि उंचीही. जे काही कळतं ते उडवणाऱ्याला.

म्हणून भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली, की तुझा ड्रोन पडणार आहे. पहिल्या महिन्यात रोज पडणार आहे. एवढं एकदा मान्य केलं की खरेदीचं गणित आपोआप सुटतं. पैशांच्या दोन पिशव्या करायच्या. एक जमिनीवर, हातात राहणाऱ्या वस्तूंची: रिमोट, गॉगल, चार्जर. दुसरी हवेतून पडणाऱ्या वस्तूंची. पहिल्या पिशवीत हात सैल सोडायचा, दुसरीत आखडता घ्यायचा. बहुतेक नवशिके नेमकं उलट करतात. झोकदार ड्रोन घेतात, रिमोट मिळेल तो, आणि दोन महिन्यांनी दोन्ही माळ्यावर जातात.

चार पंखे आणि तळहातावरचा झाडू

लहानपणी तळहातावर झाडू उभा धरायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. झाडू डावीकडे कलला की हात डावीकडे पळतो, उजवीकडे कलला की उजवीकडे. हात थांबला की झाडू पडला. ड्रोनच्या पोटातला फ्लाइट कंट्रोलर नावाचा छोटा बोर्ड हेच काम सेकंदाला हजारो वेळा करत असतो. त्यावरची जायरो नावाची चिप सांगते की ड्रोन किती वेगाने कलतोय, आणि बोर्ड ठरवतो की चारांपैकी कोणती मोटर जोरात फिरवायची, कोणती हळू. मागच्या दोन जोरात फिरल्या की नाक खाली जातं आणि ड्रोन पुढे पळतो. वेगळं सुकाणू नाही, शेपूट नाही. बोर्डात चालणारं बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे.

बोर्डाचा हुकूम मोटरपर्यंत नेतो तो ईएससी. त्याला पंख्याचा रेग्युलेटर समजा, फक्त तो कमालीच्या चपळाईने फिरवला जातो. तळहाताएवढ्या ड्रोनमध्ये फ्लाइट कंट्रोलर, चार ईएससी, रिमोटचा रिसीव्हर आणि बहुतेक वेळा चित्र पाठवणारा ट्रान्समीटरही एकाच बोर्डावर येतात. नवशिक्याने असाच बोर्ड घ्यावा. जोडायच्या तारा कमी, म्हणजे चुकाही कमी.

आता उडवण्याच्या दोन तऱ्हा. बँकेचं काचेचं दार ढकलून सोडलं की आपोआप बंद होतं. अँगल मोड तसा असतो, रिमोटची काडी सोडली की ड्रोन सरळ होतो. वाड्याचं जुनं लाकडी दार मात्र जिथे सोडाल तिथेच राहतं. तो अ‍ॅक्रो मोड. तिथे तुम्ही कोन ठरवत नाही, फिरण्याचा वेग ठरवता. काडी मध्ये आणली की ड्रोन आहे त्या कोनात थांबतो, अगदी उलटा असला तरी. धबधब्यावरची ती गिरकी अ‍ॅक्रोतच होते. आणि सुरुवातीला निम्म्या पडझडीही अ‍ॅक्रोतच होतात.

मुंग्या बऱ्या की चौकोन?

गॉगलमधलं चित्र दोन प्रकारे येतं, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल. दुकानदार डिजिटलच सुचवेल, व्हिडिओतले सगळे डिजिटलच दाखवतात, आणि चित्र खरोखर देखणं असतं. पण नुसता डिजिटल गॉगलच आपलं सगळं बजेट गिळून वर चूळ भरतो.

ज्यांनी गच्चीवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवलाय आणि खालच्याला "आता दिसतंय का?" असं ओरडून विचारलंय, त्यांना अ‍ॅनालॉग समजावून सांगायला नको. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येतात. आणखी कमी झाला की जास्त मुंग्या. पण मुंग्यांच्या आडूनही चेंडू सीमापार गेला हे कळायचं. डिजिटल म्हणजे पावसातली छत्री अँटेना. चित्र लख्ख, लख्ख, लख्ख, मग चौकोन चौकोन, मग गोठलं. सोफ्यावर बसून हे सोसता येतं. समोर आंब्याचं झाड असताना चित्र गोठणं वेगळं. चांगल्या डिजिटलमध्ये यावर उपाय केलेले आहेत, पण ते पैशांतच मोजावे लागतात. अ‍ॅनालॉग आधी मुंग्या दाखवून बजावतो की बाबा, आता मागे फिर. शिकणाऱ्याला मला हेच बरं वाटतं. धबधब्याचं देखणं चित्रीकरण मात्र अ‍ॅनालॉगने होणार नाही, हे भाच्याला तोंडावर सांगून टाकलं.

शेजारच्यांचा सिक्सर

"पण मामा, अडीच हजारांत कॅमेरावाला ड्रोन मिळतो की! मोबाइलवर दिसतं सगळं."

आयपीएलच्या दिवसांत तुम्ही मोबाइलच्या अ‍ॅपवर सामना बघत असता. गोलंदाज अजून धावतच असतो आणि शेजारच्या घरातून "सिक्स!" असा आरडाओरडा ऐकू येतो. त्यांच्याकडे केबल आहे, तुमचं चित्र मागे आहे. खेळण्यातल्या ड्रोनचं वाय-फायवरून मोबाइलवर येणारं चित्र असंच मागे असतं. उशीर डोळा लवण्याएवढाच का असेना, सेकंदाला दहा मीटर पळणारा ड्रोन पाव सेकंदात अडीच मीटर पुढे जातो. मोबाइलवर भिंत दिसेपर्यंत तो भिंतीला लागलेला असतो. अ‍ॅनालॉगमध्ये हा उशीर सेकंदाच्या काही शतांश भागांवर येतो, हाताला जाणवतही नाही.

तेव्हा खेळण्यातल्या ड्रोनवर पैसे घालू नका. त्यापेक्षा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा उडवायचा खेळ. पैसे देऊन घ्यायचे बरेच आहेत, पण एफपीव्ही स्कायडाइव्ह फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालून जातो. रिमोट खरा हवा. तो यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडला की झालं. म्हणून सगळ्यात आधी, बाकी काहीही घेण्याआधी, फक्त रिमोट घ्यायचा. वीस तास सिम्युलेटरवर घालवायचे. तिथे पडलं की एक बटण दाबायचं, पंखा बदलायचा नाही. वीस तासांत कंटाळा आला तर रिमोट विकून टाका, नुकसान फारसं नाही. नाही आला तर पुढे चला.

रिमोट घेताना एक्सप्रेसएलआरएस ही यंत्रणा असलेला, २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. तीही खुली यंत्रणा आहे. अनेक कंपन्यांचे रिसीव्हर तिच्याशी जुळतात, त्यामुळे उद्या ड्रोन बदलला तरी रिमोट तोच राहतो.

टाकी, तोटी आणि मजला

बॅटरीवर तीन आकडे छापलेले असतात आणि दुकानात सगळे तिथेच अडखळतात. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यापुढे आणा. एमएएच म्हणजे टाकी किती मोठी. एस म्हणजे टाकी कितव्या मजल्यावर, म्हणजे पाण्याला जोर किती. एका सेलचा, म्हणजे १एस बॅटरीचा, दाब ३.७ व्होल्ट, ४एसचा १४.८. आणि सी म्हणजे तोटी किती रुंद, एका वेळी किती पाणी काढता येईल. ३०० एमएएचची ३०सी बॅटरी ०.३ गुणिले ३०, म्हणजे ९ अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते. निदान तिच्यावर तसं छापलेलं असतं. छापील सीवर माझा फार विश्वास नाही.

मोटरवरचा केव्ही हा आकडाही याच हिशेबातला. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो केव्ही. तळहाताएवढ्या ड्रोनची मोटर १९,००० केव्हीची असेल तर ३.७ व्होल्टवर ती पंख्याविना मिनिटाला सत्तर हजार फेरे घेईल. स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याने फिरतो. "एवढासा तर आहे" म्हणून बोट घालणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

या लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांचे लाड करावे लागतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. गॉगलमध्ये कोपऱ्यात व्होल्टेज दिसत असतं, ते ३.५ ला आलं की उतरायचं, "अजून एक चक्कर" करायची नाही. ३.३ च्या खाली वारंवार नेलेली बॅटरी लवकरच फुगते, आणि फुगलेली बॅटरी वापरायची नसते. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टवर ठेवायची, पूर्ण भरून नाही. हे काम स्वतः करणारा चार्जर घ्या, तोही पहिल्या पिशवीतलाच. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. मी पत्र्याच्या जुन्या फराळाच्या डब्यात, फरशीवर ठेवून चार्ज करतो. ताईला हे पाहून जरा धीर आला, डबा तिचाच होता तरी.

मग बिल किती?

भाव रोज हलतात, पण अंदाज असा. साधा, चांगला रिमोट सात-आठ हजार. डब्यासारखा दिसणारा अ‍ॅनालॉग गॉगल आठ-दहा हजार. दोन पडद्यांच्या नाजूक गॉगलपेक्षा हा बोजड असतो, पण चष्मा असलेल्यांना बऱ्याचदा आतच चष्मा घालून चालतो. चार्जर दीड-दोन हजार. चार-पाच बॅटऱ्या मिळून दोन-अडीच हजार. एक बॅटरी तीन-चार मिनिटंच चालते, म्हणून एकीने भागत नाही. आणि खुद्द ड्रोन, म्हणजे ६५ किंवा ७५ मिलिमीटरचा, पंख्यांभोवती प्लॅस्टिकचं कडं असलेला 'व्हूप', सुटे भाग घेऊन आठ-दहा हजार. बेरीज तीस हजारांच्या घरात. वीसमध्ये बसत नाही, भाच्याचा चेहरा पडला. पण यातले सोळा-सतरा ते वीस हजार जमिनीवरच राहतात, आणि पुढच्या ड्रोनला ते पुन्हा खर्च करायचे नाहीत.

पाच इंची पंख्यांचा, रस्त्यावरच्या कुत्र्यांची भंबेरी उडवणारा ड्रोन पहिलाच घेण्याचा मोह टाळा. बॅटरीसकट तो सहा-सातशे ग्रॅम भरतो आणि लागला तर टाके पडतात. व्हूप घरात, पलंगाखालून, खुर्चीच्या पायांमधून उडवता येतो. पावसाळ्यात चार महिने बाहेर पडता येत नाही तेव्हा याची किंमत कळते.

तयारच का मागवू नये?

कारण परदेशातून तयार ड्रोन मागवायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा, संशोधन अशा कामांना अटींवर सूट आहे, तुमच्याआमच्या छंदाला नाही. पूर्ण जोडलेला ड्रोन तर नाहीच, पण जोडून घ्यायचा सगळा संच एका खोक्यातही चालत नाही. सुट्या भागांना मात्र मोकळीक आहे. चिनी संकेतस्थळावर स्वस्त दिसला म्हणून ऑर्डर टाकली आणि पार्सल अडकलं, तर चूक आपली. देशातल्या दुकानांतून सुटे भाग घ्या. किरकोळ तारा, कनेक्टर, सोल्डर, मल्टिमीटर यांसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच.

आणि समजा तयार मिळाला, तरी पडल्यावर उघडायला लागणारच. स्वतः जोडलेला असेल तर कुठली तार कुठे जाते हे ठाऊक असतं.

टेबलावरची संध्याकाळ

व्हूप जोडायला एक संध्याकाळ पुरते. चार मोटरी छोट्या स्क्रूंनी बसवायच्या, त्यांची टोकं बोर्डावर खोचायची, बॅटरीची आणि कॅमेऱ्याची तार डाग देऊन जोडायची. आमच्या गल्लीतला रेडिओ दुरुस्तीवाला सोल्डरिंगला डाग देणं म्हणायचा, मला अजून तोच शब्द सुचतो. त्याची एक खूण त्याने लहानपणी दाखवली होती: चांगला डाग तुपाच्या थेंबासारखा पसरतो आणि चकाकतो, कच्चा डाग राखेसारखा मंद दिसतो आणि गोळा होऊन बसतो. तार आणि बोर्डावरची जागा दोन्ही तापवायच्या, मग सोल्डर लावायचं. सोल्डरिंग आयर्नवर सोल्डर वितळवून वरून ठिपकवायचं नाही. डाग झाला की मल्टिमीटरने लाल-काळा एकमेकांना चिकटलेला नाही ना, ते बघायचं. बॅटरी नंतर.

दोन नियम मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. पहिला: टेबलावर बॅटरी लावायची तर पंखे काढूनच. माझा पहिला ड्रोन मोटरची दिशा तपासताना पंख्यांसकट सुरू झाला, टेबलावरून उसळला, भिंतीवरचं कॅलेंडर जून ते सप्टेंबर फाडून पडद्यात अडकला. दुसरा: चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटरला अँटेना लावल्याशिवाय वीज द्यायची नाही. बाहेर पडायला वाट नसलेली शक्ती आतच उष्णता होऊन चिप जाळू शकते. माझी जळाली.

मग पंखे काढलेलेच असताना आणखी एक परीक्षा. मोटरी हळू फिरत ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटरी थांबल्या पाहिजेत. याला फेलसेफ म्हणतात. संपर्क तुटला तर हा ड्रोन घरी परतत नाही, जागच्या जागी पडतो. कुणाच्या अंगावर भरकटत जाण्यापेक्षा पडलेला बरा.

घरात उडवायला लागलात की आठवड्याभरात एक मोटर कण्हायला लागेल. बोर्ड बदलायच्या आधी पंखा काढून दांड्याकडे नीट बघा. लांब केस गुंडाळलेला असतो. सुई आणि चिमटा घेऊन बसायचं. आमच्या घरात तो कुणाचा यावरून वाद होतात.

कायदा काय म्हणतो

ड्रोन नियम २०२१ मध्ये वजनावरून गट पाडले आहेत. बॅटरीसकट २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोलाही नाही. आपला व्हूप तीसेक ग्रॅमचा, म्हणजे नॅनोत बऱ्यापैकी आत. पण वजन कमी म्हणून सगळंच माफ होत नाही. नोंदणी करून ओळख क्रमांक घेण्याचा सर्वसाधारण नियम आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघायचं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत आधी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लालमध्ये केंद्राची. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तेव्हा नकाशा हिरवा असो नसो. २०२५ मध्ये नव्या ड्रोन कायद्याचा मसुदाही चर्चेला आला आहे, म्हणून उडवण्याआधी ताजा नियम पाहून घ्या.

छंदाचा ड्रोन नजरेच्या टप्प्यात उडवायचा असतो, आणि गॉगल लावल्यावर तुमची नजर तर डब्यात. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा एक सोबती हवाच, जो "उजवीकडून म्हातारबा येतायत" असं सांगेल.

लहरींचंही एक आहे. चित्र पाठवायला ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. आपल्याकडे त्या भागात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढाच तुकडा या कामासाठी सरळ धरावा. ट्रान्समीटरमध्ये रेसबँड नावाच्या आठ वाहिन्या असतात, त्यातल्या तीन ते सहा या चारच त्यात बसतात. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन बाहेर जातात. तेव्हा चौथी लावा आणि विसरा. शक्ती २५ मिलिवॅट घराला आणि अंगणाला पुरते.

गावात उडवताना

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना भागातल्या कित्येक गावांनी रात्री आकाशात दिवे पाहिले, चोर ड्रोनने टेहळणी करतात अशी हूल उठली, आणि लोकांनी काठ्या घेऊन रात्र रात्र गस्त घातली. अशा गावात तुम्ही डोक्याला डबा बांधून बांधावर बसलात तर काय होईल ते सांगायला नको. रात्री उडवूच नका. दिवसा उडवायचं तर आधी पोलीस पाटलांना जाऊन भेटा, ड्रोन हातात द्या, वजन बघू द्या.

जुन्नरकडे मित्राच्या मळ्यावर गेलो तेव्हा आम्ही तेच केलं. पाटलांनी ड्रोन तळहातावर घेतला, उलटा केला, "ह्याला चार्जिंग कुठून?" विचारलं. मग म्हणाले, दाखवा बघू काय दिसतंय. त्यांना पारावर बसवून गॉगल लावला आणि भाच्याने पाराभोवती एक फेरी मारली. पाटलांनी दोन्ही हातांनी पाराची कड घट्ट धरली. ड्रोन वळून समोर आला, तसे ते खेकसले, "आरं, ह्यो गांधी टोपीवाला कोन डब्बा लावून बसलाय?" एक हात सोडून त्यांनी डोक्यावरची टोपी चाचपली. गॉगलमधल्या माणसानेही चाचपली.